दूरचा रस्ता लवकर कसा संपतो?

श्रोतेहो, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला विमानाने जायचे तर अंतर किती आणि वेळ किती, हे गणित वरवर दिसते तितके सरळ नाही.

शाळेच्या भिंतीवरचा नकाशा पाहिला की युरोप आणि अटलांटिक ओलांडून जाणे हाच सरळ रस्ता वाटतो. पृथ्वीगोलावर या दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो हिमालय, तिबेट आणि सायबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो आणि त्याची लांबी सुमारे 12,400 किलोमीटर भरते. पण हा रस्ता वापरणे कठीण असते. केबिनमधला हवेचा दाब अचानक घटला, तर विमानाला झपाट्याने दहा हजार फुटांपर्यंत उतरावे लागते. तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे.

एअर इंडियाचे विमान म्हणूनच अटलांटिकवरून, सुमारे 13,900 किलोमीटरच्या मार्गाने जात असे. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. त्या वेळी अंतर 15,300 किलोमीटरवर गेले आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले!

याचे कारण वाऱ्यात आहे. विमान ज्या उंचीवरून उडते, तिथे मध्यम अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा प्रवाह, वाहते आणि हिवाळ्यात जपानच्या आसपास तिचा जोर फार मोठा असतो. 15,300 ला साडेचौदाने भागून पाहा: जमिनीच्या हिशेबाने ताशी सरासरी 1,055 किलोमीटर वेग निघतो. एअर इंडियाचे हे विमान, बोइंग 777, हवेत साधारण नऊशेच्या वेगाने उडते. वरचे दीडशे वाऱ्याचे. इंजिनाला मात्र जमिनीवरचे किलोमीटर ठाऊक नसतात. ते जितके तास चालते, त्या हिशेबाने इंधन जाळते, त्यामुळे चौदाशे किलोमीटरचा वळसा इथे परवडतो. परतीला हाच मार्ग धरला, तर तोच वारा समोरून येतो आणि सगळे गणित उलटते.

घड्याळाची गंमत वेगळीच. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. साडेचौदा तास उडूनही उतरताना तिथले घड्याळ निघतानाच्या वेळेपेक्षा दोनच तास पुढे दिसते, आणि तारीखही तीच.

पुढे जानेवारी 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू ही उत्तर ध्रुवाच्या परिसरातून जाणारी सेवा सुरू झाली आणि पहिल्या उड्डाणात वैमानिक कक्षात सर्व महिला होत्या. इथे वाऱ्याची मोठी मदत गृहीत धरलेली नव्हती, तर सुमारे 14,000 किलोमीटरच्या जवळच्या मार्गावरच भिस्त होती. अशा मार्गावर नियोजकाला वाऱ्याखेरीज आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: टाक्यांमधले इंधन गोठणबिंदूच्या जवळ तर जात नाही ना, आणि अडचण आलीच तर उतरायला विमानतळ किती अंतरावर आहे.