चाक फिरतंय ना? मग मोटरला हात लावू नका

(गाडी दगडावर तिरकी. पुढची चाकं जागच्या जागी फिरतायत.)

नमस्कार मंडळी. ही माझी १:१० ची क्रॉलर, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दगडांवर चढणारी रिमोटची गाडी. आणि हा दगड तिचा वैरी. ठाण्यात, कासारवडवलीला आमच्या सोसायटीच्या मागे, संरक्षक भिंत बांधून उरलेले काळे दगड पडलेत. त्यातल्या या दगडापाशी गाडीने तीन महिने हात टेकले होते. वॉचमनकाका खुर्चीतून रोज एकच निदान करायचे, "इंजिन कमी पडतंय तिचं."

मलाही ते पटलं. मोठी मोटर आणली, बसवली. चाकं जागच्या जागीच, पण दुप्पट वेगाने फिरायला लागली! आणि चौथ्या दिवशी मागच्या ॲक्सलमधून कटकट आवाज.

(गिअर कॅमेऱ्याजवळ धरून.)

हा तो गिअर. इथे तीन दात बघा, सपाट झालेत. आणि ग्रीसमध्ये ही पांढरी भुकटी दिसतेय ना, ते माझे पैसे.

तर गाडी अडली की आधी चाकाकडे बघा. चाक गरगर फिरतंय? म्हणजे मोटरची ताकद चाकापर्यंत पोचतेय, दगडावर पकड मिळत नाहीये. चाक थांबलंय आणि मोटर नुसती घुमतेय? तेव्हा मोटर आणि गिअरकडे वळा. एवढं मला आधी कळलं असतं, तर तो गिअर आज गाडीत असता.

पकड म्हटली की पहिला टायर. हा गाडीबरोबर आलेला. दाबतो, बघा, अंगठा आत जातच नाही. आणि हा नवा, मऊ रबराचा. हा दगडाच्या कंगोऱ्याभोवती लपेटतो. यात हवा भरत नाहीत, आत फोमची रिंग असते आणि हवा बाहेर जायला बारीक भोकं असतात. फोम फार कडक असेल तर महागडा टायरही दगडासारखाच वागतो.

जुना टायर मात्र रिमला चिकटवलेला होता. उकळत्या पाण्यात ठेवला की तो गोंद हळूहळू सुटतो. खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाचं पातेलं घेऊ नका. माझ्याकडे आता एक पातेलं आहे, फक्त माझं. आईने तशी सक्त ताकीदच दिलीय. नवे रिम बीडलॉकचे घेतले, म्हणजे टायर दोन रिंगांमध्ये स्क्रूने आवळला जातो. पुढच्या वेळी गोंद नाही, पातेलंही नाही.

आता माझा आवडता भाग. वजन.

(टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि त्याच्याच उंचीचं पुस्तक.)

पुढची चाकं काट्यावर, मागची या पुस्तकावर. गाडी सपाट हवी, म्हणून पुस्तक. नवी होती तेव्हा पुढे १२५० ग्रॅम भरले, मागे १३७०. म्हणजे पुढून हलकी. गाडी चढाला लागली की वजन आपोआप मागे सरकतं, पुढची चाकं आणखी हलकी होतात, आणि एका क्षणी गाडी तोंड वर करून उताणी पडते. स्कूटरवर मागे जड माणूस बसला की पुढचं चाक कसं हलकं होतं, तसं.

पहिला उपाय फुकटचा. बॅटरी मागे होती, तिचा ट्रे पुढच्या ॲक्सलच्या वर सरकवला. लगेच पुढे १४२०, मागे १२००. मग वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्या काकांकडून पितळेच्या दोन रिंगा करून घेतल्या, ९० ग्रॅमची एक, पुढच्या रिमच्या आत बसणारी. पितळच का? ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं, कमी जागेत जास्त वजन. काकांनी विचारलं, कुठल्या मशीनला लागतंय? मी म्हटलं, खेळण्याला. त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि व्हर्नियर लावून पुन्हा एकदा मोजलं. शंभरात एक माणूस!

आता पुढे १६००, मागे १२००. आणि हे वजन चाकात आहे, म्हणजे स्प्रिंगच्या खाली. सस्पेन्शन दबत नाही, गुरुत्वमध्य खाली येतो. याच्या बरोबर उलटं काम करते ती टपावरची कॅरियर. छोटे जेरीकॅन, फावडं, दोरी, फोटोत फार भारी दिसतं. माझ्याकडेही होती. आडव्या उतारावर गाडी पहिल्यांदा कलंडली, त्याच दिवशी काढून ठेवली.

पुढचा मुद्दा सर्व्हो, म्हणजे स्टिअरिंग वळवणारी मोटर. पुढे वजन वाढलं, टायर मऊ झाले, आता जुन्या सर्व्होला चाक वळवताना घाम फुटतो. सर्व्होवर १५ किलो, २५ किलो असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, मध्यापासून १ सेंटिमीटरवर तो तेवढं वजन ओढू शकतो. सर्व्होवरच्या दांडीची लांबी २ सेंटिमीटर केलीत की जोर निम्मा. आणि गिअर धातूचे घ्या.

मी २५ किलोचा बसवला आणि नवीनच भुताटकी सुरू झाली. दोन दगडांमध्ये चाक अडकलं, मी स्टिअरिंग फिरवलं, की अख्खी गाडी मेल्यासारखी! दोन सेकंदांनी परत जिवंत. मी रिमोटचे सेल बदलले, बॅटरी बदलली, रिसीव्हरची वायर बदलली. दोन आठवडे गेले. दोष कशातच नव्हता. ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट. रिसीव्हरला आणि सर्व्होला वीज पुरवते ती त्यातली बीईसी, छोटासा पुरवठा. अडकलेला मोठा सर्व्हो एकदम इतका करंट ओढतो की व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. उन्हाळ्यात घरात एसी, गीझर आणि इस्त्री एकदम लावून बघा, तेच.

(वायर दाखवत.)

उपाय ही वेगळी बीईसी. ती थेट बॅटरीला जोडली, ६ व्होल्टवर ठेवली. सर्व्हो तेवढ्याला चालतो ना, ते आधी बघून घ्या. सर्व्होची लाल वायर हिच्याकडे, सिग्नलची वायर रिसीव्हरकडे. काळी वायर मात्र दोन्हीकडे जोडलेली हवी, नाहीतर सिग्नल कळतच नाही. आणि रिमोटवर स्टिअरिंगची हद्द कमी करा. पूर्ण वळवल्यावर सर्व्हो गुणगुणत असेल, तर तो बिचारा ॲक्सलला ढकलतोय आणि जळण्याच्या वाटेवर आहे.

मोटर? जुनीच परत टाकली. फक्त पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, बदलला. मोठा गिअर ५६ दातांचा, पिनियन १४ चा होता, म्हणजे चारास एक. १२ चा लावला, पावणेपाचाच्या जवळ गेलो. वेग घटला, ओढ वाढली, खर्च एका वडापाव पार्टीचा. बसवताना दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून आवळा. पट्टीवर नागमोडी घडी उमटली पाहिजे, पण फाटता कामा नये.

लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचं थोडक्यात सांगतो. एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, ३ च्या खाली कधीच नेऊ नका. ईएससीचं सेटिंग लिपोवर आहे ना, तपासा. आठवडाभर वापरणार नसाल तर ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी "अजून चालतेय की" म्हणून लावू नका. आमच्या एका मित्राने लावली होती. त्याच्या बाल्कनीतली फरशी अजून काळी आहे.

आणि घोडबंदर रोडची धूळ! ती बेअरिंगमध्ये जातेच. चाक हाताने फिरवून कानाजवळ धरा, खरखर आली की बदला. पावसात चालवली तर त्याच दिवशी पुसून, सुकवून तेलाचा थेंब द्या, नाहीतर दुसऱ्या रविवारी गंज. हो, आणि येऊरला कधी जाणार असं विचारू नका. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. मला हा ढीग पुरतो.

(पुन्हा तोच दगड. गाडी हळूहळू वर चढते, माथ्यावर थांबते.)

चढली. जुन्या मोटरवर. पण ते बघा, पलीकडचा उभा दगड. चाक दगडाला टेकायच्या आधी बंपर टेकतोय, त्यामुळे इथे टायर, पितळ, सर्व्हो काहीच कामाचं नाही. दोन्ही टोकं साधारण बोटभर कमी करावी लागतील.

(बंपरवर चिकटपट्टी लावून पेनने रेघ मारतो. हॅक्सॉ ब्लेड हातात.)

पट्टी लावली की प्लास्टिकला तडे जात नाहीत आणि रेघही दिसते. हेडफोन लावला असेल तर काढा, आवाज घाण येणार आहे.