उत्तरदाता क्रमांक १४ चा आवाज

(जळगाव येथे संशोधक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, प्राध्यापक मंडळी आणि संशोधक मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘खान्देशच्या राजकारण-समाजावरचं संशोधन पॉडकास्टमधून मांडताना त्याची विश्वासार्हता कशी टिकवावी’. तिथे मी येणारच आहे. पण ऐकवायचं कोणाला, हे आधी ठरू द्या. माझं म्हणणं एवढंच, की ज्या गावानं तुमची प्रश्नावली भरून दिली ते गाव तुमचा पहिला श्रोता. पुण्या-दिल्लीचे अभ्यासक त्यानंतर.

आज होतं काय? शोधार्थी धडगाव, अक्कलकुवा, साक्री, यावलला जातो. लोक हातातलं काम टाकून, ओट्यावर बसवून, चहा पाजून उत्तरं देतात. मग प्रबंध होतो, मौखिकी होते, पदवी मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढू लागले, हे फार चांगलं झालं. पण मराठीतले पुष्कळ प्रबंध युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेत. त्यांत ‘पांझरा’ हे आपल्या नदीचं नाव शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. आणि लागलंच तरी ज्यानं उत्तरं दिली तो माणूस मोबाइलवर चारशे पानं वाचणार नाही. ऐकेल मात्र. निंदणी करताना ऐकेल, एसटीत ऐकेल.

कोणी म्हणेल, त्यासाठी सामुदायिक रेडिओ आहे की. आहे, आणि शेती-आरोग्यासाठी तो उत्तमच आहे. पण त्याच्या प्रक्षेपणाची शक्ती साधारण १०० वॉट, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरांचा परिसर. शिवाय सरकारी धोरणानुसार स्वतः तयार केलेल्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम त्यावर चालत नाहीत. जिल्हा परिषदेच्या गटांतलं जातींचं गणित किंवा वनजमिनीच्या दाव्यांचं राजकारण हा तुमचा विषय असेल, तर पॉडकास्टला पर्याय नाही.

आता माझी जुनी तक्रार. आपल्याकडच्या अभ्यासपूर्ण पॉडकास्टची सुरुवात ऐका. आधी सतारीचे सूर, मग स्वागत, मग पाहुण्यांचा परिचय: पदव्या, शोधनिबंधांची संख्या, भूषवलेली पदं. पाहुणे आभार मानतात. मग ‘आजचा विषय अत्यंत महत्त्वाचा आहे’ असं दोघंही एकमेकांना सांगतात. मग ‘खान्देश म्हणजे काय’ इथपासून आरंभ: फारुकी सुलतान, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. मूळ मुद्दा येईपर्यंत आठ-दहा मिनिटं गेलेली असतात. तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हीही ऐकलंय. सभागृहातला सत्कार माणूस सहन करतो, कारण उठून जायला संकोच वाटतो. कानात इअरफोन घातलेल्याला तो संकोच नसतो. आणि वाईट याचं वाटतं, की त्या दहा मिनिटांच्या मागे खरोखर मोलाचं काम असतं. चार-पाच वर्षं कोणीतरी उन्हातान्हात गावं पालथी घातलेली असतात, आणि ते काम श्रोत्यापर्यंत पोचायच्या आधीच श्रोता निघून जातो.

एक उदाहरण घेऊ. पांझरेवरची फडपद्धत. प्रबंधाचं शीर्षक असणार ‘धुळे जिल्ह्यातील पारंपरिक सहभागी सिंचन व्यवस्थापनाचे समाजशास्त्रीय अध्ययन’. ते वाचून दाखवू नका. काय घडत होतं ते पाहा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात मालक अनेक, पीक मात्र एक. कोणत्या फडात यंदा काय घ्यायचं हे पंच ठरवणार, पाटकरी पाणी देणार, जागल्या पीक राखणार, आणि त्यांचा मोबदला पुष्कळदा धान्यात. मग तुमचं पहिलं वाक्य असं हवं: ‘स्वतःच्या शेतात काय पेरायचं हे इथल्या शेतकऱ्याला एकट्याला ठरवता येत नव्हतं, तरी पिढ्यान्‌पिढ्या तो या व्यवस्थेत राहिला. का?’ झालं, पहिल्या तीस सेकंदांत श्रोता तुमच्याबरोबर आला.

राजकारणही तिथेच आहे. पंचांत कोण बसायचं? पाटस्थळात, म्हणजे पाटाच्या पाण्याखालच्या शिवारात, ज्याची जमीनच नाही त्याला पाण्याबद्दल तोंड उघडता यायचं का? जागल्याचं काम कोणत्या घरांकडे होतं? वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, तेव्हा पंचांचा शब्द कुणी आधी मोडला? यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे स्वतंत्र भाग. एका भागात एकच प्रश्न घ्या. संपूर्ण प्रबंध एका भागात कोंबला की सैद्धान्तिक चौकट तेवढी शिल्लक राहते आणि माणसं गळून जातात.

लांबीचा हिशोब सांगतो. मराठी सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. २० मिनिटांचा भाग म्हणजे २४०० शब्दांची संहिता. प्रबंधाचं एक प्रकरण दहा-पंधरा हजार शब्दांचं, म्हणजे पाचातले चार शब्द जाणार. आधी पूर्वसाहित्याचा आढावा गाळा, मग तक्ते. कानाला तक्ता दिसत नाही. एका भागात तीनपेक्षा जास्त आकडे नकोत, आणि तेही बोलण्यातले. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ६९.३ टक्के होतं. हे ‘दर दहा माणसांत सात’ असं सांगा. नेमका आकडा सोबतच्या लेखी टिपणात द्या, आणि ते टिपण युनिकोडमध्येच करा.

भाषेचं थोडक्यात. निवेदन साध्या मराठीत चालेल. माणसांचं बोलणं मात्र अहिराणी, लेवा, पावरी, भिलोरी जसं असेल तसं. शहरातल्या नटाकडून अहिराणीचा हेल काढून घेऊ नका. शिरपूरचा श्रोता ते एका वाक्यात ओळखतो आणि मग तुमच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. लहान खोली, भिंतीला दोन-तीन गोधड्या, खाली सतरंजी. पंखा बंद करावाच लागतो, त्याची घरघर नंतर पुरती निघत नाही. मे महिन्यात भुसावळला पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून पहाटे पाच ते सात ही वेळ धरा. फोनवर मुद्रण करत असाल तर तो एअरप्लेन मोडवर ठेवा. माइक तोंडापासून एक वीत, समोर नको, किंचित बाजूला, कारण भ, फ, ध, प म्हणताना हवेचा झोत थेट माइकवर बसतो. चाचणीसाठी आपल्या गावांचीच नावं घ्या: भुसावळ, फैजपूर, भडगाव, धरणगाव, पाचोरा, पारोळा. एवढी स्वच्छ आली तर काहीही स्वच्छ येईल. सुरुवातीला दहा सेकंद कोणी बोलू नका. खोलीची ती शांतता संपादनात जोड लपवायला लागते. मूळ मुद्रण वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. प्रसारणाची प्रत एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, आवाजाची पातळी उणे १९ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं हे माप). या हिशोबानं ३० मिनिटांची फाइल १४.४ एमबीची होते. हे महत्त्वाचं आहे, कारण गावात तुमचा भाग ॲपवरून नाही, व्हॉट्सॲपवरून फिरणार, आणि तिथे फाइल १६ एमबीच्या आत ठेवलेली बरी. १२८ केबीपीएस ठेवलंत तर तोच भाग २८.८ एमबीचा होईल आणि गावच्या ग्रुपपर्यंत पोचणं अवघड होईल.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. पत्रिकेवरचा विषय आता दहा मिनिटांत उरकावा लागेल. पण त्यातली एक गोष्ट मी घाईत सांगणार नाही, ती संमतीची.

प्रबंधात तुम्ही ‘उत्तरदाता क्र. १४’ लिहिता आणि माणूस सुरक्षित राहतो. पॉडकास्टमध्ये त्याचं नाव गाळलंत तरी आवाज राहतो, आणि दोनशे उंबऱ्यांच्या गावात आवाज हेच नाव असतं. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरची बाई २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या आपल्या दाव्याबद्दल बोलते: ग्रामसभेनं मान्य केला, उपविभागीय समितीकडे अडला, मध्ये कोणी पैसे मागितले. हे तिनं तुमच्या वहीसाठी सांगितलेलं असतं. उद्या ते ज्यानं पैसे मागितले त्याच्याच मोबाइलवर वाजेल. म्हणून संशोधनासाठी दिलेली संमती प्रसारणासाठी चालत नाही. ती वेगळी घ्या, तिच्या भाषेत घ्या, मुद्रित करून ठेवा आणि आठवडाभरानं पुन्हा विचारा. आवाज यंत्रानं जाडा-बारीक करून भागत नाही. शब्दांची लकब तशीच राहते. धोका वाटला तर तिचं म्हणणं दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या आणि तसं भागात स्पष्ट सांगा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली. त्यांतल्या लोकांशी बोलाल तेव्हा गाव, पुनर्वसन वसाहत आणि नातं या तीन गोष्टी एकत्र उच्चारू नका. तिन्ही कळल्या की माणूस कळतो.

बाकीचं भराभर. प्रत्येक विधानापुढे संहितेच्या समासात प्रबंधाचा पृष्ठक्रमांक लिहा. पृष्ठ सापडलं नाही तर ते वाक्य काढा. ‘मला वाटतं’ आणि ‘पुराव्यावरून दिसतं’ ही दोन वाक्यं आवाजातही वेगळी ऐकू आली पाहिजेत. संहिता विषयाच्या एका जाणकाराला आणि विषयाबाहेरच्या एकाला वाचायला द्या. चूक निघाली तर भाग गुपचूप बदलू नका. पुढच्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्ती सांगा आणि टिपणात तारीख घाला. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीवरचा नवा भाग टाकू नका, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ एकदा वाचून ठेवा. वेव्हची मूळ प्रत दोन ठिकाणी असू द्या, एक तुमच्याकडे आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. फाइलच्या नावात तारीख, गाव, विषय एवढं रोमन अक्षरांत, मध्ये रिकामी जागा न सोडता लिहा, देवनागरी नावाचे काही यंत्रांवर नुसते चौकोन होतात.

आणि भाग प्रसिद्ध करण्याआधी तो त्या गावात नेऊन ऐकवा. ग्रामपंचायतीच्या सभागृहात नको, तिथे सगळे येत नाहीत. दोन वेगवेगळ्या वस्त्यांत ऐकवा, बायकांना वेगळा ऐकवा. कोणी काय खोडून काढलं ते लिहून घ्या आणि प्रसारणाची तारीख त्यानंतरच ठरवा.