तिसऱ्या नळीतली गुठळी

(दृश्य: पांढरी टाईल. एक निळा थेंब, एक पिवळा.)

निळा थेंब अँटी-एचा, पिवळा अँटी-बीचा; रक्तगट ओळखायची ही दोन द्रावणं. रक्तपेढीत काम करणाऱ्याला झोपेतून उठवून विचारा, रंगात चूक व्हायची नाही. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब घालायचा, काडीने कालवायचा आणि टाईल हलकेच झुलवायची. तांबड्या पेशींवर ए किंवा बी ही खूण असली, तर त्या थेंबातलं रक्त नासलेल्या दुधासारखं दिसू लागतं. दाणे वेगळे, पाणी वेगळं.

आज दोन्ही थेंब गुळगुळीत. म्हणजे गट ओ. शाळेच्या ओळखपत्रावर हाच छापला जातो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो खराही असतो.

(दृश्य: स्टँडमध्ये तीन नळ्या.)

पण ही तपासणी अजून अर्धीच झाली आहे. आतापर्यंत पेशींना विचारलं, आता सीरमला विचारायचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्याला. ज्या खुणा आपल्या पेशींवर नाहीत, त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी इथे तयार असतात, दुसऱ्याचं रक्त आयुष्यात कधी घेतलेलं नसलं तरीही. हे प्रतिकारशक्ती शिकते कुठे? आतड्यात. तिथल्या जिवाणूंच्या अंगावर ए आणि बीसारख्याच साखरेच्या साखळ्या असतात. तान्ह्या बाळाकडे या अँटीबॉडी स्वतःच्या नसतात. तीन-सहा महिन्यांनी त्या दिसू लागतात. म्हणून नवजात बाळाच्या बाबतीत ही दुसरी अर्धी तपासणी करत नाहीत.

पहिल्या नळीत सीरमबरोबर ए पेशी, दुसरीत बी, तिसरीत ओ. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की तळाशी लाल बटण बसतं. नळी तिरकी करून सावकाश हलवायची. बटण धुरासारखं विरलं तर गुठळी नाही. ढेकळासारखं सुटून आलं तर आहे. ओ गटाच्या माणसाची तिसरी नळी नेहमी विरते. ओ पेशींवर ना ए, ना बी. भांडण कशावरून होणार?

इथे मात्र तिसऱ्या नळीतही ढेकूळ.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कोडं जगापुढे मांडलं. शहराचं नाव पुढे बदललं, पण रक्तगट बॉम्बेच राहिला.

उत्तर एका पायरी खाली होतं. ए आणि बी या खुणा चढतात त्या एच नावाच्या साखळीवर. ओ गटात ही साखळी नुसतीच असते, वर काही चढलेलं नसतं. बॉम्बे गटात तीच नाही. त्यामुळे आईबापांकडून ए किंवा बीचं जनुक आलं असलं तरी ते दिसत नाही, आणि टाईलवर माणूस ओ ठरतो. (अशा ‘ओ’ बापाला एबी गटाचं मूल होऊ शकतं. संशय घेण्याआधी एवढं तपासलेलं बरं.)

शरीराच्या हिशेबी मग एच परका, आणि त्याच्याविरुद्धही अँटीबॉडी तयार. एच सर्वांत जास्त कुठे? ओ पेशींवर. सगळ्यांना चालतं म्हणून ज्याची ख्याती, ते ओ निगेटिव्ह रक्त या माणसाला चढवलं तर त्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटू लागतात, लघवी लाल होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरमशी जुळवून पाहणं, न करता पिशवी लावू नये, असं रक्तपेढीवाले वारंवार बजावतात ते उगाच नाही.

(दृश्य: नवा थेंब.)

खात्रीसाठी अँटी-एच लागतं. ते मिळतं युरोपातल्या एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांतून. ओ पेशी त्यात झटकन गोळा होतात. या पेशी ढिम्म.

भारतात साधारण १०,००० माणसांत एक असा निघतो; युरोपात दहा लाखांत एक. बॉम्बे गटाच्या माणसाला रक्त चालतं ते बॉम्बे गटाचंच. त्यामुळे दात्याचा शोध आधी घरात सुरू होतो. आईवडील दोघांकडे हे दबलेलं जनुक असेल, तर प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता.

बहिणीचा नमुना आला आहे. पुन्हा तेच निळे-पिवळे थेंब, त्याच तीन नळ्या. या वेळी तंत्रज्ञ आधी तिसरीच उचलतो.