रिकाम्या दऱ्यांमधला रस्ता

उत्तर स्कॉटलंड. इन्व्हरनेसच्या किल्ल्यापासून निघायचं, पश्चिम किनारा धरून वर जायचं, उत्तरेच्या टोकाला वळसा घालायचा आणि पूर्वेकडून परत इन्व्हरनेस. एकूण 516 मैल, साधारण 830 किलोमीटर. रस्ते जुनेच. 2015 मध्ये पर्यटनासाठी त्यांना एकत्र जोडून ‘नॉर्थ कोस्ट 500’ असं नाव दिलं गेलं, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात इथे तंबूवाल्यांची आणि कॅम्परव्हॅनची रीघ असते.

वाटेत कितीतरी ठिकाणी रस्ता एकाच गाडीपुरता आहे. थोड्या थोड्या अंतरावर कडेला फुगवटा आणि ‘पासिंग प्लेस’ अशी पाटी. फुगवटा डावीकडे असेल तर आत शिरून थांबायचं. उजवीकडे असेल तर त्याच्यासमोर आपल्याच बाजूला उभं राहायचं, समोरचा त्यात शिरतो. जाताना दोघांनीही हात वर करायचा. मागे स्थानिक गाडी आली तर तिलाही पुढे जाऊ द्यायचं. तुम्ही सहलीला निघालात, त्या माणसाला कामावर पोचायचंय. फोटोसाठी त्या जागेत गाडी लावून ठेवणं हा इथला सगळ्यात मोठा उद्धटपणा.

पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲपलक्रॉस गावाकडे जाणारा घाट थेट समुद्रसपाटीवरून 626 मीटरवर चढतो. माथ्याजवळ नागमोडी वळणं, काही जागी चढ पाचास एक, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. शिकाऊ चालक आणि मोठ्या गाड्यांनी इथून जाऊ नये, अशी पाटी पायथ्यालाच आहे. कॅरॅव्हॅन घेऊन येणारे तरीही येतातच. 1970च्या दशकात किनाऱ्याने दुसरा रस्ता होईपर्यंत गाडीने ॲपलक्रॉस गाठायला हीच एक वाट होती.

आता मुक्काम. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये मोकळ्या जमिनीवर, ती खाजगी असली तरी, जबाबदारीने तंबू ठोकायची मुभा आहे. माणसं मोजकी, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही, घरांपासून आणि रस्त्यापासून लांब, उभ्या पिकात किंवा गुरांच्या कुंपणात नाही. हा हक्क पायी किंवा सायकलने जाणाऱ्याचा आहे, मोटारीचा नाही. गाडीत झोपणाऱ्याने कॅम्पसाइट शोधावी, हे बरं.

आणि तंबूची जागा निवडताना देखाव्याच्या आधी वारा बघा. कारण ‘मिज’. डासापेक्षा कितीतरी बारीक, पण झुंडीने येणारी चिलटं. उन्हाळाभर, विशेषतः तिन्हीसांजेला, दमट आणि निवांत हवेत. चावते ती फक्त मादी. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते. गंमत अशी की अंड्यांची पहिली खेप ती रक्ताविनाही घालू शकते. वाऱ्याची बऱ्यापैकी झुळूक असली की तिला उडता येत नाही. म्हणून तळ्याकाठची सुरेख, आडोशाची हिरवळ सोडून जाणते लोक उघड्या उंचवट्यावर तंबू लावतात. तंबूची चेन उघडायची ती एका झटक्यात, आणि आधी दिवा विझवून.

पश्चिम किनाऱ्यावरच्या उल्लापूल गावाच्या उत्तरेला डोंगर एकेकटे उभे आहेत. खाली सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वीचा ‘नाइस’ (gneiss) नावाचा पट्टेदार खडक, त्यावर लालसर वाळूचा दगड. त्यातला सूलव्हेन डोंगर फक्त 731 मीटर, पण आजूबाजूचा प्रदेश बराच सखल, त्यामुळे नजर तिथेच खिळते. मैलोन्‌मैल घर नाही, धूर नाही. पर्यटकांच्या माहितीपत्रकात याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात.

ते खरं नाही.

उत्तर किनाऱ्यावर बेटीहिल गाव लागतं. तिथून दक्षिणेला आत वळलं की स्ट्रॅथनेव्हरची दरी. नदीकाठी सुपीक जमीन, आणि गवतात दगडी चौथरे. रोझल नावाचं गाव होतं इथे. 1814 ते 1818 या काळात ते उठवलं गेलं, कारण मेंढ्यांसाठी जमीन भाडेपट्ट्याने दिली की जमीनदाराला कुळांच्या खंडापेक्षा जास्त पैसे मिळत होते. लोक परत येऊन राहू नयेत म्हणून घरांची छपरं जाळली. इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर मनुष्यवधाचा खटला चालला, 1816 मध्ये, याच इन्व्हरनेसमध्ये. तो निर्दोष सुटला.

उठवलेल्या कुळांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे दिले गेले. पोट भरायला मासेमारी करा म्हणाले. ही माणसं गुरं पाळणारी. बेटीहिल हे अशांसाठीच वसवलेलं गाव, आणि नाव मिळालं ते जमीनदारीण एलिझाबेथ (लाडाने ‘बेटी’), सदरलंडची काउंटेस, हिचं. पूर्वेचं हेल्म्सडेल बंदरही त्याच सुमारास हेरिंग मासळीसाठी उभं राहिलं. आज आपण तिथे मासे आणि चिप्स खायला थांबतो.

परतीच्या वाटेवर गोल्सपी गावामागच्या डोंगरावर एक पुतळा लांबूनच दिसतो. जोत्यासकट सुमारे शंभर फूट. काउंटेसचा नवरा, सदरलंडचा पहिला ड्यूक. 1837 पासून तो समुद्राकडे तोंड करून उभा आहे. पाडून टाका, अशी मागणी अधूनमधून होत असते. वर जायला पायवाट आहे, चढ बऱ्यापैकी उभा. शिलालेख जरूर वाचा. त्यात लिहिलंय की हा पुतळा शोकाकुल आणि कृतज्ञ कुळांनी उभारला.