पान वाचून माणसानं काय करायचं?

मंडळी, ग्रामपंचायत, पतसंस्था, साखर कारखाना, चपलांचं दुकान, कोणाचीही वेबसाइट घ्या. तिथं येणाऱ्याला काम उरकायचं असतं. तो एसटी स्टँडवर उभ्या-उभ्या मोबाइलवर पान उघडतो, हवं ते पटकन दिसलं नाही की सरळ ऑफिसात फोन लावतो. तो फोन तुम्हालाच उचलावा लागतो. म्हणून लिहायला बसण्याआधी एवढंच ठरवा: हे पान वाचून माणसानं काय करायचं?

एक नमुना घेऊ. या घाटाची वाक्यं आपण रोज वाचतो.

"मयत खातेदाराच्या वारसांनी वारस नोंद होणेकामी आवश्यक त्या कागदपत्रांसह अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे विहित मुदतीत सादर करणे अनिवार्य असून, तद्नंतर नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल."

व्याकरणात खोट नाही. पण सक्षम प्राधिकारी म्हणजे कोण? विहित मुदत किती? कागदपत्रं कोणती? आणि 'करण्यात येईल' म्हणजे करणार कोण? इथं नुसते शब्द सोपे करून भागत नाही. 'विहित'च्या जागी 'ठरलेल्या' लिहिलंत तरी वाचणारा आहे तिथंच. माहितीच गायब आहे. बऱ्याचदा ती लिहिणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसते, आणि मोघम शब्द त्यावर पांघरूण घालतात. तेव्हा आधी कायदा उघडा: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १४९ आणि १५०. मग असं लिहिता येतं:

"खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (ग्राम महसूल अधिकाऱ्याला) कळवा. तोंडी किंवा लेखी, दोन्ही चालतं. कळवल्याची लेखी पोच घ्या. तलाठी फेरफार नोंद घालून चावडीवर नोटीस लावेल. १५ दिवसांत कोणाची हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. त्यानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतील."

'तोंडी चालतं' आणि 'पोच घ्या' या दोन गोष्टी कायद्यातच आहेत. पहिल्या वाक्यात त्यांचा मागमूस नव्हता. आता काय ठेवलं आणि काय गाळलं ते बघा. 'फेरफार' हा शब्द ठेवला, कारण तलाठी ऑफिसात माणसाला तोच उच्चारावा लागणार. गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसांची नोंदवही, गाळली. ती पायरी खरी आहे, पण ती तलाठ्याच्या टेबलावरची. कागदपत्रांची यादी खाली वेगळी द्यायची, एका ओळीत एक कागद. पुढं लगेच मूळ की झेरॉक्स, आणि किती प्रती, ते लिहायचं. लोकांच्या खेपा वाढतात त्या याच जागी.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की कोणी काय करायचं हे कळायला पूर्णविरामापर्यंत दम धरावा लागतो. बारा-पंधरा शब्दांच्या पुढं वाक्य गेलं तर तोडा. अट आधी, कृती नंतर. आणि 'दाखला जोडल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही' असली दुहेरी नकारांची वाक्यं 'अर्जासोबत दाखला जोडा' अशी सरळ करा.

सरकारी लिखाण असंच अवघड असायचं, असं कोणी म्हणालं तर त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश दाखवा. संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना, आदेश निघाल्यापासून. मागासलेले म्हणजे कोण, तेही त्यात सांगितलंय. ज्या खात्यात प्रमाण कमी आहे तिथं पुढची नेमणूक कोणाची, आणि दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता कोणी पाठवायचा, तेही आहे. खातेप्रमुखाला पळवाट काढायला फारशी जागाच ठेवली नाही.

शब्द निवडताना लोक शोधतात काय ते बघा. कोल्हापुरात माणूस 'घरफाळा' शोधणार. पानावर फक्त 'मालमत्ता कर' असेल तर त्याला ते पान सापडेलच असं नाही. मथळ्यात दोन्ही घाला. उलट टोकही नको: 'परवलीचा शब्द' लिहून वर कंसात पासवर्ड समजवायचा, त्यापेक्षा पासवर्डच लिहा.

आता थोडं तांत्रिक. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवणं हा आपल्याकडचा मोठा रोग. तो मजकूर नसतो, फोटो असतो. त्यातला शब्द शोधून सापडत नाही आणि अंध माणसाचं स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो वाचू शकत नाही. युनिकोडच्या (सगळ्या मोबाइल-संगणकांवर एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टात टाइप केलेल्या फायलीचंही तेच, कॉपी केलं की नुसती चिन्हं पडतात. पानाची लिंक एसएमएसनं पाठवणार असाल तर हिशोब आणखी कडक. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'कोल्हापूर' नजरेला चार अक्षरं, मोजणीत नऊ. 'आपणांस कळविण्यात येते की' एवढ्यातच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा जाते.

पान तयार झालं की ऑफिसबाहेरच्या चार-पाच जणांना मोबाइलवर वाचायला द्या. 'समजलं का?' असं विचारू नका, भिडेखातर सगळे हो म्हणतात. 'आता तुम्ही पहिल्यांदा कुठं जाल? सोबत काय न्याल?' असं विचारा आणि गप्प बसा. माणूस जिथं परत वर सरकवून वाचायला लागतो, ते वाक्य खुणेनं नोंदवा. दोघे एकाच ठिकाणी अडकले तर वाक्य बदला, माणसं नव्हे.

आणि पानाखाली शेवटच्या बदलाची तारीख टाका. फी बदलली की मजकूर कोणत्या टेबलानं बदलायचा हे आजच ठरवून घ्या, नाहीतर जुना आकडा वाचून आलेला माणूस खिडकीवर भांडेल, आणि त्याचं बरोबरच असेल.