किलरॉय येऊन गेला

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर जवळ ओढा. एक आडवी रेघ मारा, ही भिंत. रेघेच्या वर अर्धगोल काढा, हे टक्कल. त्यात डोळ्यांचे दोन ठिपके आणि त्यांच्यामधून निघून भिंतीवरून खाली लोंबणारं लांबलचक नाक. दोन्ही बाजूंना भिंत धरलेली बोटं. झालं. खाली लिहा, 'किलरॉय वॉज हिअर'. किलरॉय इथे येऊन गेला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक जिथे पोचले, तिथे हा नाकाड्या पोचला. युरोपातल्या पडक्या भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांवर, पॅसिफिकमधल्या बेटांवर. पण गंमत अशी, की चित्र एका देशाचं आणि शब्द दुसऱ्या देशाचे.

चित्र ब्रिटिशांचं. तिकडे त्याचं नाव मिस्टर चॅड. जानेवारी 1940 मध्ये ब्रिटनमध्ये रेशन सुरू झालं आणि चॅड भिंतीआडून डोकावून विचारू लागला, "काय, साखर नाही?" कधी चहा नाही, कधी सिगारेट नाही. जे संपलं असेल ते त्याच्या तोंडी घालायचं. 1942 पासून अमेरिकन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या, आणि पुढे त्यांचे शब्द या चित्राखाली येऊन बसले.

ते शब्द आले कुठून? सगळ्यांत जास्त मानली जाणारी हकिगत एका गोदीतली आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात क्विन्सी इथे फोर रिव्हर नावाचा जहाजबांधणीचा कारखाना होता. जेम्स किलरॉय तिथे तपासनीस होता. रिव्हेट, म्हणजे पोलादी पत्रे जोडणारे जाड खिळे, ठोकणाऱ्या कामगारांना जितके रिव्हेट तितके पैसे मिळत. तपासनीस रिव्हेट मोजायचा आणि मोजणी जिथे संपली तिथे खडूने खूण करायचा. पाळी बदलली की काही जण ती खूण पुसून टाकत. पुढच्या पाळीचा तपासनीस तेच रिव्हेट पुन्हा मोजे, आणि मजुरी दुप्पट. किलरॉयच्या हे ध्यानात आलं, तेव्हा तो खुणेशेजारी पिवळ्या रंगखडूने ठळक अक्षरांत लिहू लागला: किलरॉय वॉज हिअर.

एरवी त्यावर रंगाचा हात फिरला असता. पण युद्धाची घाई. कितीतरी जहाजं आतून पुरती न रंगवताच समुद्रात गेली. त्यांतून निघालेल्या सैनिकांना अडचणीच्या कोपऱ्यांतही ते तीन शब्द दिसत. हा कोण, आपल्या आधी इथे पोचलेला? मग जहाजातून उतरल्यावर त्यांनीही तेच लिहायला सुरुवात केली.

इथे मला आपलं अजिंठा आठवतं. दहाव्या लेण्यात, बोधिसत्त्वाच्या चित्रावर, जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपलं नाव कोरलं आहे, तारखेसह: 28 एप्रिल 1819. पेशवाई बुडून वर्षही झालं नव्हतं. त्या ओरखड्याची हळहळ मला आजही वाटते. तोही सैनिकच, पण त्याने स्वतःचं नाव लिहिलं. किलरॉय लिहिणारे हजारो सैनिक दुसऱ्याचं नाव लिहीत होते, कधी न पाहिलेल्या माणसाचं. उद्या आपण असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मागून येणाऱ्या अनोळखी सोबत्यासाठी हे लिहून ठेवावंसं वाटलं. पुढे जाणाऱ्याला कळावं, की इथवर आपलंच कुणीतरी येऊन गेलंय. मला तर ते पत्रच वाटतं.

दंतकथाही फुटल्या. किलरॉय हा मोठा हेर आहे असं हिटलरला वाटलं म्हणे. युद्धात जिंकलेल्या देशांच्या नेत्यांच्या पॉट्सडॅम परिषदेत स्टालिन शौचालयातून बाहेर आला आणि विचारू लागला, हा किलरॉय कोण? कथा खऱ्या नसतीलही, पण सैनिकांनी त्या जिवापाड जपल्या.

1946 मध्ये अमेरिकेतल्या ट्रॅम-वाहतूक संघटनेने खऱ्या किलरॉयसाठी बक्षीस लावलं: एक अख्खा ट्रॅमचा डबा. चाळीसेक दावेदार पुढे आले. निवड झाली क्विन्सीच्या तपासनिसाची. नऊ मुलांचा बाप तो. डबा घराशेजारी आणून त्याने मुलांना देऊन टाकला.

वॉशिंग्टनमध्ये 2004 साली महायुद्धाचं स्मारक खुलं झालं. तिथे दोन ठिकाणी, सहज नजरेस पडणार नाही अशा कोपऱ्यांत, तोच नाकाड्या दगडात कोरला आहे. भिंतीवरून डोकावणारा, बोटांनी कड धरलेला. नमस्कार.