पाच किलोमीटर

(दृश्य: बजाजनगर, वाळूज एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर. पहाट. पत्र्याच्या टपरीसमोर उलटी ठेवलेली सायकल.)

घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडते. चाचा ती बोटांनी दाबत दाबत पुढं सरकवतात. एका जागी बारीक बुडबुडे उठतात. सापडलं. ट्यूब पुसायची, पॉलिशपेपरनं घासायची, सोल्यूशन लावून फुंकर मारायची. तेवढ्यात समोरचा कामगार दोनदा मोबाइलवर वेळ बघतो. सातची फर्स्ट शिफ्ट आहे. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला गेटवर उशीर परवडत नाही.

ट्यूब परत घालायच्या आधी चाचा टायरच्या आतून बोट फिरवतात. नखाएवढी एक तार निघते. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली. ती ते शेजारच्या डब्यात टाकतात. डब्यात अशा कितीतरी तारा आहेत, बाभळीचे काटे आहेत, बाटल्यांच्या काचा, खिळे, पत्र्याचे तुकडे.

हा डबा जरा नीट बघा. यातलं फारसं काही रस्त्याच्या मधोमध पडून राहत नाही. मोठ्या गाड्यांच्या चाकांनी मधला पट्टा आपोआप झाडला जातो आणि कचरा, वाळू, खडी सगळं कडेला लोटलं जातं. सायकलवाल्यालाही आपण त्याच कडेला लोटलंय. तिथं डांबर संपून वीतभर खोल साइडपट्टी सुरू होते, वाळूवर चाक घसरतं, आणि गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या कधी कधी रस्त्याच्याच दिशेनं बसवलेल्या असतात, म्हणजे पुढचं चाक नेमकं त्या फटीत जावं. मागून कंटेनरचा हॉर्न वाजतो तेव्हा या माणसानं जायचं कुठं?

(दृश्य: नगर रोड. कंटेनर, कंपन्यांच्या बस, आणि कडेनं एकामागे एक सायकली. हँडलला डबा.)

रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, बजाजनगर. कामगारांच्या या वस्त्यांपासून कंपन्यांची गेटं दोन, तीन, चार किलोमीटरवर. रिक्षाचं रोजचं भाडं पगारातून काढणं जमत नाही, म्हणून सायकल.

२०११ च्या जनगणनेनं पहिल्यांदाच देशभर विचारलं, तुम्ही कामाला कशानं जाता? शेती सोडून इतर कामं करणाऱ्यांमध्ये सायकलवर जाणारे अडीच कोटींहून जास्त निघाले. मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा थोडे जास्तच, आणि कारनं जाणाऱ्यांच्या कितीतरी पट. त्यानंतर दुचाक्या खूप वाढल्या हे खरं. पण ही माणसं कुठं गेली नाहीत. आपल्याला ती दिसायची थांबली, एवढंच.

याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या आल्या. देशभर बातमी झाली. मराठवाड्यातलं एक शहर एवढं पुढं गेलं याचा अभिमान आम्हालाही वाटला, आणि तो खोटा नव्हता. पण दीडशे गाड्यांची ज्या आनंदानं मोजदाद झाली, तशी एकदा पहाटे साडेसहाला या रस्त्यावर उभं राहून सायकलींची व्हायला हवी. मोजलेल्या माणसासाठीच रस्ता आखला जातो.

(दृश्य: लातूर, ट्यूशन एरिया. संध्याकाळ. क्लास सुटतोय.)

आता लातूर. नीट आणि जेईईची तयारी करायला हिंगोलीपासून बीडपर्यंतची पोरं इथं येऊन राहतात. खोली एका गल्लीत, मेस दुसरीकडे, फिजिक्स या टोकाला, बायोलॉजी त्या टोकाला. मग वडील पहिल्या महिन्यात जुनी का होईना, एक सायकल घेऊन देतात. क्लास सुटल्यावर मागच्या कॅरिअरला नोट्सची बॅग लावून पोरं-पोरी निघतात तेव्हा काही मिनिटं हा रस्ता सायकलींचा असतो. घंट्या, गप्पा, कुणी डबलसीट. आवाज आहे, पण गोंगाट नाही. आपलं शहर कसं दिसू शकतं, ते बघायला फार लांब जायची गरज नाही.

यातल्या पुष्कळ मुलींना पहिली सायकल गावातच मिळालेली असते. मानव विकास कार्यक्रमात मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर. त्यापुढच्या मुलींसाठी एसटी. कागदावरची ही साधी अट, पण तिच्यात फार मोठी समज आहे. पाच किलोमीटर हे पायडलचं अंतर आहे, हे सरकारनंच मान्य केलंय.

अशा सायकलीनं काय होतं ते बिहारनं दाखवलंय. तिथं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. पुढं अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशानं वाढलेलं आढळलं. शाळा तीच, मास्तर तेच. मधलं अंतर तेवढं मिटलं.

आणि मग हीच मुलगी शहरात येते. एक-दोन वर्षांत सायकल सोडते. घरचे म्हणतात, रस्ता बरोबर नाही. त्यांचं चुकत नाही.

(दृश्य: दवाखान्याबाहेरचं बाकडं. हातात फाइल घेतलेली माणसं.)

“शुगर निघाली.” हे दोन शब्द आज मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात ऐकू येतात, पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाबद्दलही. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात दहा कोटींवर मधुमेही, आणि आणखी साडेतेरा कोटी माणसं उंबरठ्यावर. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगत आलेत की आपला माणूस हडकुळा दिसला तरी आतून चरबी बाळगून असतो. त्यामुळं ‘मी कुठं जाड आहे’ या भरवशावर आपण राहू नये.

इथं सायकल नेमकं काय करते ते समजून घेऊ. मांड्यांचे आणि कमरेखालचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. पायडल मारताना ते आकुंचन पावतात आणि रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात. त्या कामाला त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. ज्याच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! शिवाय शरीराचा भार सीटवर असतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनाही हे चालण्यापेक्षा सोपं जातं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच किलोमीटरला साध्या सायकलवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जाऊन येऊन चाळीस-पन्नास. सहा दिवसांचे झाले २४० ते ३००. म्हणजे कामावर जाण्या-येण्यातच डॉक्टरांनी सांगितलेला सगळा व्यायाम होतो. वेगळा वेळ नको, जिमची फी नको. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सायकलनं कामाला जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. सायकलवाल्यांच्या इतर सवयीही चांगल्या असतील, अशी शंका येते. संशोधकांनी वय, आहार, धूम्रपान हे धरून हिशेब केला, तरी फरक उरला.

पण वाळूजच्या त्या कामगाराला व्यायामाचं महत्त्व सांगायला जाऊ नका. तो रोज करतोय. त्याला जिवंत घरी पोचायचंय.

(दृश्य: संभाजीनगरचा जालना रोड, संध्याकाळ. उड्डाणपुलाखालून सायकल हातात धरून रस्ता ओलांडायला थांबलेली बाई.)

क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको. एकाच जालना रोडवर इतके उड्डाणपूल. वरून जाणाऱ्याचा सिग्नल वाचतो. खालच्या बाईला रस्ता ओलांडायला लागणारा वेळ मात्र कुठल्याच अहवालात मांडलेला नसतो. रस्ता जितका रुंद आणि मोकळा, तितका वेग जास्त. आणि वेगाचं गणित कठोर आहे. ताशी तीसनं येणाऱ्या गाडीची धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो. पन्नासला ती आशा झपाट्यानं कमी होते. म्हणून वस्तीत वेग तीसवर आणायचा, आणि जिथं वेग जास्त राहणारच तिथं सायकलला वेगळी, उंचावलेली, कडेला कठडा घातलेली पट्टी द्यायची. दोन मीटर रुंदी पुरते. नुसता हिरवा रंग मारून ही पट्टी होत नाही. रंगावर गाडी उभी करता येते, कठड्यावर येत नाही.

मराठवाड्याला हे नवीनही नाही. २००८ मध्ये नांदेडला शिखांच्या गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या काळात केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरसुधारणा योजनेच्या पैशातून नांदेडचे काही मुख्य रस्ते नव्यानं आखले गेले. रुंद पदपथ, झाडं, बसायला जागा, आणि सायकलची वेगळी पट्टी. मोठ्या शहरांतले नगररचनाकार ते रस्ते नमुना म्हणून दाखवायचे. गोदाकाठच्या आपल्या गावानं हे आधी करून दाखवलं होतं. पट्टी बांधली की काम संपत नाही, ती रोज मोकळी ठेवावी लागते, हेही आपण तिथंच शिकायला हवं होतं.

(दृश्य: मे महिना. दुपारचा ओस रस्ता. कडुनिंबाच्या सावलीत टेकवलेली सायकल, तिला चार बाजूंनी अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या घागरी.)

मग प्रश्न येतो उन्हाचा. बेचाळीस अंश, कोण चालवणार सायकल? प्रश्न अगदी रास्त आहे. टंचाईच्या दिवसांत याच उन्हात चार घागरी अडकवून पाणी आणणारी पोरं आपण बघितलीत. पण कुणी अंग भाजून घ्यावं, असं आम्ही म्हणणार नाही. सावली हवी.

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथंही सायकल चालवणारं फारसं कुणी नव्हतं. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी सुमारे ८० किलोमीटरचं सायकलमार्गांचं जाळं एका दमात बांधलं. एक तुकडा आज, एक पाच वर्षांनी, असं नाही. घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून बाजारापर्यंत सलग. रस्त्यावरच्या हजारो पार्किंगच्या जागा त्यासाठी काढल्या. काही वर्षांत रोजच्या सायकली सहा हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात गेल्या. ऊन तेच राहिलं, रस्ता बदलला.

आणि रुंदीकरणात आपण पहिला घाव घालतो तो वडावर, कडुनिंबावर! त्या झाडाखाली डांबर तापत नाही, पंक्चरवाला बसतो, म्हातारं माणूस टेकतं. सायकलचा रस्ता आखायचा तर आधी झाडांच्या रांगा आखा. मग उरलेल्या जागेत गाड्या.

(दृश्य: संभाजीनगरचं जुनं शहर. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा. कमानीत अडकलेली वाहनं, बाजूनं निघून जाणारा पाववाला.)

१६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवली. त्याच गावाचं पुढं बावन्न दरवाजांचं शहर झालं. हे दरवाजे माणसाच्या, घोड्याच्या, बैलगाडीच्या मापाचे. आज दोन कार समोरासमोर आल्या की कमानीत कोंडी होते, आणि कुणीतरी म्हणतं, दरवाजा अडचणीचा झाला. आम्हाला उलटं वाटतं. दरवाजा बरोबर सांगतोय, आत काय मावतं ते. यातल्या काही कमानींतून फक्त पायी आणि सायकलनं जाता आलं, गाड्यांना बाजूनं वळसा दिला, तर वारसाही वाचेल आणि आतल्या गल्ल्यांत पोरांना पुन्हा खेळता येईल. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यातला एकेक रस्ता सायकलवरून बघितला तर शाळा, मोंढा, दवाखाना, सगळं पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात. परभणी, जालना, बीड, धाराशिव, आपली ही शहरं अजून हाताबाहेर गेलेली नाहीत. पाच किलोमीटरमध्ये अजून बरंचसं शहर मावतं.

(दृश्य: पुन्हा बजाजनगर. दुपार. तीच टपरी.)

फर्स्ट शिफ्ट सुटलीय. टपरीसमोर दोघी बहिणी उभ्या आहेत. मोठी बारावी झाली, परवा लातूरला निघालीय. ही सायकल तिला गावाकडं आठवीत मिळाली होती. वडील कामाला इकडं आले तेव्हा ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून आणली. आता ती धाकटीची.

चाचा पान्यानं सीटचा नट सैल करतात, सीट दोन इंच खाली ठोकतात, नट आवळतात. मागच्या चाकाचा आऊट काढतात, चेनला तेल सोडतात.

“बस बघू बेटा. पाय टेकतात का?”

“टेकतात चाचा.”

“ब्रेक दाबून बघ.”

ती दाबून बघते. मोठी मागून कॅरिअर धरून चार पावलं पळते आणि सोडून देते. धाकटी गल्लीच्या टोकापर्यंत सरळ जाते. पुढं नगर रोड आहे. ती एक पाय खाली टेकते आणि थांबते. उजवीकडं बघते. एक कंटेनर जातो, मग कंपनीची बस, मग आणखी एक कंटेनर. ती अजून थांबलेली आहे.